मुहूर्त, मीठ आणि मंत्रालय

२० जानेवारी २०२१ च्या पहाटे मुंबईच्या विमानतळावरून कोव्हिशील्डचे दीड लाख डोस भूतानकडे रवाना झाले. लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची. भारताने शेजाऱ्यांना लस भेट द्यायला सुरुवात केली त्या पहिल्याच दिवशी ज्या दोन देशांचा नंबर लागला, त्यांतला एक भूतान, दुसरा मालदीव. जगभर तेव्हा लशीवरून अक्षरशः ओढाताण चालली होती. श्रीमंत देशांनी लोकसंख्येच्या कितीतरी पट डोस आधीच आरक्षित करून ठेवले होते, गरीब देश रांगेत ताटकळत होते. आणि भूतानने काय करावं? आलेली लस शीतगृहात ठेवली आणि दोन महिने एकालाही टोचली नाही.

का? तर मुहूर्त नव्हता.

ही थट्टा नाही. देशाच्या मध्यवर्ती भिक्षुसंघाने पंचांग पाहून सांगितलं, की १४ फेब्रुवारी ते १३ मार्च हा महिना अशुभ आहे, या काळात लसीकरणाला हात घालू नये. आरोग्य मंत्रालयाने मान डोलावली. अशुभ महिना सरला, मार्चमध्ये आणखी चार लाख डोस आले आणि २७ मार्चला सकाळी साडेनऊ वाजता, शुभ ठरलेल्या घटकेला, थिम्फूतल्या एका शाळेत पहिली लस टोचली गेली. ती घेणारी बाई माकडाच्या वर्षात जन्मलेली होती आणि टोचणारीही माकडाच्याच वर्षातली, कारण पंचांगात तसंच निघालं होतं. (भूतानचं कालचक्र बारा प्राण्यांचं. माकड त्यातलं एक.)

आपल्यातल्या कुणाही विवेकवादी माणसाच्या कपाळाला इथे आठी पडेल. माझ्याही पडली होती. पण पुढचे आकडे पाहा. त्या सकाळपासून १६ दिवसांत भूतानने आपल्या पात्र प्रौढांपैकी ९३ टक्के लोकांना पहिला डोस दिला. त्या वेळी इतक्या वेगाने हे काम जगात कुणालाच जमलं नव्हतं. हिमालयाच्या कुशीतला देश, जिथे काही गावांना गाडीरस्ता नाही, जिथे साथ आली तेव्हा सगळे मिळून साडेतीनशेही डॉक्टर नव्हते आणि अतिदक्षता उपचारांचं खास शिक्षण घेतलेला डॉक्टर मोजून एक होता.

मग तो मुहूर्त म्हणजे नेमकं काय होतं?

मंत्रालयाच्या बाजूने विचार केला की चित्र उलटं दिसू लागतं. पहिल्या खेपेत आले दीड लाख डोस. लस द्यायची होती पाच लाखांहून थोड्या अधिक प्रौढांना. दीड लाखांनी सुरुवात केली असती तर आधी कुणाला आणि नंतर कुणाला याची यादी करावी लागली असती, आणि मग प्रत्येक डोंगरी गावात पथकं दोनदा, तीनदा पाठवावी लागली असती. सपाट मुलखात ही नुसती गैरसोय. भूतानमध्ये मात्र एकेका गावाची वाट दिवसदिवसभराची. त्यात कोव्हिशील्डची एक कुपी साधारण दहा जणांची. एकदा उघडली की काही तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. चार घरांच्या वाडीवर दोनच माणसं पात्र असतील, तर एकतर आठ डोस वाया घालवा किंवा त्या दोघांना परत पाठवा. सगळे प्रौढ एकदम पात्र असतील तर हा प्रश्नच उरत नाही. गाव गोळा करा, कुप्या फोडा, दिवस मावळायच्या आत पुढच्या वाटेला लागा.

म्हणजे थांबणं हाच हिशेब होता. सगळ्यांना पुरेल इतकी लस हातात आल्याशिवाय सुरुवात करायची नाही, आणि तोवर इतर देशांत ही लस घेणाऱ्यांना काय त्रास होतो तेही बघून घ्यायचं. या थांबण्याला लोकांच्या गळी उतरवायला अशुभ महिन्याइतकं सोपं कारण दुसरं कुठलं मिळणार होतं? भिक्षूंनी मंत्रालयाला थांबवलं, की मंत्रालयाला भिक्षूंचं म्हणणं सोयीचं पडलं, हे बाहेरून सांगणं कठीण. मला दोन्ही खरं वाटतं. पण पंचांगाने सांगितलेली तारीख लोक पाळतात आणि सरकारी परिपत्रकाची तारीख विसरतात, हे त्या खात्याला पक्कं माहीत होतं एवढं नक्की. ज्या धर्मसत्तेच्या शब्दावर लोक लग्न करतात आणि घर बांधतात, तिने लशीला शुभ घटका दिली म्हटल्यावर अफवांची हवाच निघून गेली.

त्या आठवड्यांत देशभर सुमारे १२०० ठिकाणी लसीकरण चाललं. शाळा, आरोग्य केंद्रं, मठांची आवारं, जे हाताशी होतं ते. भगव्या गणवेशातले देसुप स्वयंसेवक रांगा सांभाळायला आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणायला पुढे होते. नागरिकांना आपत्तीसाठी तयार करणारं हे पथक २०११ पासून प्रशिक्षण घेत आलं आहे. लुनानासारख्या बर्फाळ भागात लस हेलिकॉप्टरने गेली, आणि तिथून पुढच्या वस्त्यांना आरोग्य कर्मचारी चालत गेले, पाठीवर शीतपेटी घेऊन. लस दोन ते आठ अंश तापमानात राहिली पाहिजे. बर्फाच्या मुलखात हे सोपं वाटेल, पण उलट आहे. गोठली तरी लस वाया जाते. पेटीबाहेर उणे तापमान असताना आतली लस गोठू न देणं हीसुद्धा कसरतच.

दुसऱ्या डोसची गोष्ट आणखी थरारक आहे, तरी ती थोडक्यातच सांगतो. एप्रिलमध्ये भारतात दुसरी लाट उसळली आणि लशीची निर्यात थांबली. ते साहजिकच होतं. पण भूतानमध्ये सगळ्यांचं घड्याळ एकाच दिवशी सुरू झालेलं, त्यामुळे बारा आठवड्यांची मुदतही सगळ्यांची एकदमच संपत आली. एकदम देण्याची ही किंमत. आरोग्यमंत्री देचेन वांगमो आणि परराष्ट्र खात्याने मग जगभर हात पसरले. अमेरिकेकडून मॉडर्नाचे पाच लाख डोस आले, डेन्मार्ककडून ॲस्ट्राझेनेकाचे अडीच लाख, आणखी काही युरोपीय देशांनी आपापला वाटा दिला. पहिला डोस एका लशीचा, दुसरा वेगळ्याच लशीचा, हा प्रयोग तेव्हा फार थोड्या देशांनी केला होता. २० जुलैला सुरुवात झाली आणि आठवडाभरात पात्र प्रौढांपैकी ९० टक्क्यांचा दुसरा डोस झाला.

यावर लगेच कुणी म्हणेल, अहो, देश केवढा? २०१७ च्या जनगणनेत भूतानची लोकसंख्या ७ लाख २७ हजार भरली. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याची २०११ मध्ये साडेआठ लाखांच्या घरात होती. एका तालेवार जिल्ह्याएवढाही नसलेल्या देशाचं कौतुक ते काय करायचं?

आक्षेप रास्त आहे, पण तो फार पुढे जात नाही. लहान असण्याने काही आपोआप मिळत नाही. प्रशांत महासागरातला सामोआ बघा, लोकसंख्या जेमतेम दोन लाख. २०१८ च्या जुलैत तिथे गोवराची लस दिल्यावर दोन तान्ही बाळं दगावली. लशीची पूड पाण्यात कालवायची, त्याऐवजी नर्सेसनी चुकून मुदत संपलेलं भुलीचं औषध वापरलं होतं. सरकार घाबरलं, कित्येक महिने लसीकरण बंद राहिलं, लोकांचा विश्वास उडाला. लस घेतलेल्या तान्ह्यांचं प्रमाण ३१ टक्क्यांपर्यंत घसरलं. पुढच्याच वर्षी गोवर आला आणि ८३ जीव घेऊन गेला, त्यांत बहुतेक चिमुरडी पोरं. शेवटी डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने दोन दिवस सगळा कारभार बंद केला, सरकारी नोकर घरोघर लस द्यायला पाठवले आणि ज्या घरात लस न घेतलेलं कुणी आहे त्या घराने दारावर लाल कापड बांधावं असं फर्मान काढलं. देश लहान असला की चूकही घराघरात पोचते. भूतान गोवरमुक्त झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. तेव्हा फरक आकारात नसून कशात आहे ते पाहायला हवं, आणि त्यासाठी मिठाकडे वळावं लागेल.

आयोडीन हे समुद्राचं द्रव्य. कोकणात मासे खाणाऱ्याला त्याची फिकीर करावी लागत नाही. हिमालयात मात्र हजारो वर्षांच्या हिमनद्यांनी आणि पावसाने मातीतलं आयोडीन धुऊन खाली नेलं. मातीत नाही म्हणून धान्यात नाही, धान्यात नाही म्हणून माणसात नाही. गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीन शोधत फुगत जाते आणि गलगंड होतो. तो निदान दिसतो तरी. न दिसणारं नुकसान अधिक भयंकर असतं. गरोदर बाईला आयोडीन कमी पडलं तर पोटातल्या बाळाचा मेंदू नीट वाढत नाही, मूल जन्मतःच बहिरं किंवा मतिमंद होऊ शकतं. आणि हे सगळं टाळायला लागतं किती? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब मांडला तरी चहाचा एक चमचा भरत नाही.

१९८३ च्या पाहणीत भूतानमध्ये दर शंभरातल्या चौसष्ट जणांना गलगंड आढळला. चौसष्ट! म्हणजे गलगंड नसलेला माणूसच अल्पसंख्य. इतकं प्रमाण असलं की आजार हा आजार वाटतच नाही, माणसाचा गळा असाच असतो असं वाटू लागतं.

यावर काय करायचं? औषधाच्या गोळ्या वाटायला तेवढी माणसं नव्हती. डोंगर चढून प्रत्येकाला तपासायला डॉक्टर नव्हते. पण एक गोष्ट अशी होती जी प्रत्येक घरात रोज जात होती आणि जी देशात पिकत नव्हती. भूतानला समुद्र नाही. पूर्वी मीठ तिबेटातून यायचं. तिबेटची सीमा बंद झाल्यावर ते भारतातून येऊ लागलं. आणि भारतातून येणारा बराचसा माल पश्चिम बंगालच्या जयगावला लागून असलेल्या फुंटशोलिंगच्या वेशीतूनच आत शिरतो. मग त्याच फुंटशोलिंगला १९८५ च्या सुमारास मिठात आयोडीन मिसळायचा कारखाना उभा राहिला, आणि देशातल्या ताटात पडणारं मीठ त्या कारखान्यातून गेलेलंच असेल अशी व्यवस्था लावण्यात आली. झालं. राज्यकारभाराची सगळी हुशारी ती एक वेस ओळखण्यात होती.

१९९६ मध्ये गलगंडाचं प्रमाण १४ टक्क्यांवर आलं. २००३ मध्ये आयोडीनच्या कमतरतेवर मात केलेला दक्षिण आशियातला पहिला देश म्हणून भूतानचं नाव जाहीर झालं. वीस वर्षांत हे घडलं ते कुठल्या मोठ्या इस्पितळामुळे नाही. कारखान्यातल्या एका कामगाराने फवारा नीट चालवला, खात्याने दरवर्षी दुकानांतल्या आणि घरांतल्या मिठाचे नमुने तपासले, बास. आयोडीन उडून जातं, ओलसर हवेत तर लवकरच, त्यामुळे कारखान्यात बरोबर असलेलं मीठ चुलीपाशी पोचेपर्यंत बरोबर राहतं का हे पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. कंटाळवाणं काम. आरोग्य मंत्रालयाचं बहुतेक चांगलं काम असंच कंटाळवाणं असतं, म्हणून ते बातमीत येत नाही.

वेस ओळखण्याचा हाच गुण लशीतही दिसतो. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा भूतानच्या बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक. त्याला आळा घालणारी एचपीव्ही लस २०१० मध्ये भूतानने देशभरातल्या मुलींना द्यायला सुरुवात केली. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राष्ट्रीय पातळीवर असं करणारा तो पहिला देश. आपल्याकडे ही लस सरकारी कार्यक्रमात आणायची की नाही यावर तोवर नुसती चर्चाच चालू होती. पहिल्या वर्षी लस शाळांमध्ये दिली गेली आणि जवळजवळ सगळ्या मुलींपर्यंत पोचली. मग खात्याने एक बदल केला. शाळेऐवजी मुलींनी आरोग्य केंद्रात यावं असं ठरलं. लस तीच, फुकट तीच, देणारे हात तेच. तरीही तिन्ही डोस पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण घसरून दोन तृतीयांशांच्या आसपास आलं. २०१४ मध्ये लस पुन्हा शाळेत नेली आणि आकडा पुन्हा वर चढला. बारा वर्षांची मुलगी तीन वेळा डोंगर उतरून केंद्रावर येणार नाही, ती शाळेत मात्र रोजच येते. या प्रयोगातलं मला सर्वांत आवडतं ते हे, की खात्याने आपला निर्णय मागे घेतला. सरकारी खाती असं फार क्वचित करतात.

आता थोडं पैशांबद्दल. भूतानच्या २००८ च्या राज्यघटनेत लिहून ठेवलं आहे, की राज्याने आधुनिक आणि पारंपरिक अशा दोन्ही पद्धतींच्या मूलभूत आरोग्य सेवा नागरिकांना मोफत द्याव्यात. पण मोफत म्हणजे कुणीतरी पैसे भरणारच. लशी आणि अत्यावश्यक औषधं यांचा खर्च बराच काळ परदेशी दाते उचलत होते. नव्वदच्या दशकात थिम्फूत एक साधा प्रश्न विचारला गेला, दाता उद्या गेला तर पोरांना लस कोण देणार? त्यातून २००० मध्ये भूतान हेल्थ ट्रस्ट फंड आकाराला आला. मूळ रक्कम गुंतवायची, तिला हात लावायचा नाही, व्याजातून लशी आणि औषधं घ्यायची. आपल्या देवस्थानांच्या कायम ठेवीसारखंच हे, फक्त इथे नैवेद्य म्हणून धनुर्वाताची आणि गोवराची लस.

ठेव जमवायला २००२ मध्ये तेव्हाचे आरोग्य व शिक्षणमंत्री सांगे न्गेदुप स्वतः चालत निघाले. पूर्वेच्या त्राशीगांगपासून थिम्फूपर्यंत, सुमारे ५६० किलोमीटर, पंधरा दिवसांत. आळंदी ते पंढरपूर हे अंतर याच्या निम्म्याहून कमी, आणि तिथे वाटेत दिवे घाट सोडला तर फारशी चढण नाही. इथे मात्र एका खिंडीतून चढून दुसऱ्या दरीत उतरायचं, पुन्हा चढायचं. रोज सरासरी ३७ किलोमीटर. वाटेत लोकांनी पैसे दिले, आणि व्यायाम कसा करावा हे मंत्र्याला भाषणात सांगावंही लागलं नसेल.

इथे राजकारणी डॉक्टर फार. साथीच्या काळात पंतप्रधान होते लोटे शेरिंग, मूत्रविकारांचे शल्यचिकित्सक. बांगलादेशातल्या मैमनसिंगला ते शिकले आणि पंतप्रधान झाल्यावरही शनिवारी थिम्फूच्या राष्ट्रीय रुग्णालयात शस्त्रक्रिया करत. परराष्ट्रमंत्री तांडी दोरजी बालरोगतज्ज्ञ, शिक्षण तेही मैमनसिंगचंच. मार्च २०२० मध्ये भारतातून आलेल्या एका अमेरिकी पर्यटकाची चाचणी देशात पहिल्यांदा बाधित आली, तेव्हा साडेसहा तासांच्या आत त्याच्या संपर्कातली जवळपास ३०० माणसं शोधून विलगीकरणात नेली गेली. मंत्रिमंडळात कुणाला विषाणू म्हणजे काय ते समजावून सांगायची गरज नव्हती, हा वेळही वाचलाच असणार.

घटनेतल्या ‘पारंपरिक’ या शब्दाकडे पुन्हा येऊ, कारण तिथे आपला एक धागा सापडतो. भूतानच्या जिल्हा रुग्णालयात गेलात की एका बाजूला रक्तदाब मोजणारा डॉक्टर असतो आणि दुसऱ्या बाजूला सोवा रिग्पा या पारंपरिक पद्धतीचा वैद्य, द्रुंगत्सो. रुग्णाने कुठे जायचं ते ठरवावं. गुडघेदुखीवाला द्रुंगत्सोकडे जातो, त्याला साखरेचा त्रास आहे असं दिसलं तर द्रुंगत्सो त्याला पलीकडच्या खोलीत पाठवतो. दोन्ही पगारी, दोन्ही त्याच मंत्रालयाचे. सोवा रिग्पात शरीराचा तोल तीन दोषांवर सांगितला आहे, आणि ते ऐकून आपल्याला वात, पित्त, कफ आठवतील ते उगाच नाही. वाग्भटाचं अष्टांगहृदय अकराव्या शतकात तिबेटी भाषेत गेलं आणि हिमालयातल्या वैद्यकात मुरलं. आपल्याकडे कुणा जुन्या वैद्याच्या घरी फडक्यात बांधून ठेवलेला ग्रंथ तिकडे सरकारी बाह्यरुग्ण विभागात कामाला आहे. यातल्या प्रत्येक औषधाचा गुण सिद्ध झालाय असं मी म्हणणार नाही. पण दोन पद्धतींना एकाच छपराखाली आणल्याने एक फायदा उघड आहे. ज्या म्हाताऱ्याने आधुनिक दवाखान्याची पायरी कधीच चढली नसती, तो निदान त्या इमारतीत तरी येतो.

इथवर वाचून भूतान म्हणजे स्वर्ग असा समज होऊ नये. लस सगळ्यांना, मीठ सगळ्यांना, पण सगळे म्हणजे कोण, हा प्रश्न त्या देशाने एकदा फार कठोरपणे सोडवला आहे. नव्वदच्या दशकात दक्षिणेतले नेपाळीभाषक सुमारे एक लाख लोक देशाबाहेर पडले किंवा घालवले गेले आणि नेपाळमधल्या छावण्यांत त्यांची वर्षंच्या वर्षं गेली. पुढे त्यांतले बहुतेक अमेरिका आणि इतर देशांत वसले. ज्यांना मोजलंच नाही ते आकडेवारीत आजारी पडत नाहीत.

अवघड शस्त्रक्रियांसाठी रुग्ण आजही सरकारी खर्चाने कोलकाता, वेल्लोरला पाठवावे लागतात. आणि गेल्या काही वर्षांत नर्सेस आणि तंत्रज्ञ मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाची वाट धरत आहेत. एका मोठ्या देशातून शंभर नर्सेस गेल्या तर कुणाला कळणारही नाही, इथे एकेका जिल्ह्याचा वॉर्ड ओस पडतो.

खात्याने हट्ट सोडल्याचं आणखी एक उदाहरण तंबाखूचं. २००४ मध्ये भूतानने देशात तंबाखूविक्रीवर पूर्ण बंदी घातली होती. जगभर त्याचं कौतुक झालं, देशात मात्र चोरून आणणं सुरूच राहिलं. साथीच्या काळात भारताच्या सीमेवरून चोरून येणाऱ्या तंबाखूबरोबर विषाणूही येऊ लागेल अशी धास्ती बसली, आणि २०२१ मध्ये बंदीच उठवली गेली. आरोग्यासाठी तंबाखू मोकळी करणारं सरकार दुसरं कुठे सापडेल, मला शंकाच आहे.

आज थिम्फूतल्या डॉक्टरांची खरी डोकेदुखी आहे ती मद्य. रुग्णालयांतल्या मृत्यूंच्या कारणांत दारूने झालेला यकृताचा आजार वर्षानुवर्षं वरच्या क्रमांकावर आहे. मिठाची युक्ती इथे चालत नाही, कारण मीठ एका वेशीतून येतं आणि ‘आरा’ ही घरगुती दारू मक्याची, भाताची, घरोघरच्या चुलीवर गाळली जाते. पूर्वेकडे पाहुणा आला की तीच देतात, बाळंतिणीलाही ती लोणी आणि अंडं घालून गरम करून पाजतात. तिथे आरोग्य कर्मचारी जाऊन काय सांगणार? आणि चुलीवरची सोडा, बाटलीतली व्हिस्की तरी कुणाची? गेलेफू आणि सामद्रुप जोंखारला ती गाळणाऱ्या भट्ट्या आर्मी वेल्फेअर प्रोजेक्टच्या, म्हणजे देशाच्याच सैन्याच्या कल्याणासाठी १९७६ मध्ये निघालेल्या संस्थेच्या आहेत. मद्याच्या करातून सरकारी तिजोरीत पैसा येतो आणि त्याच तिजोरीतून मंत्रालय यकृताच्या रुग्णांना मोफत उपचार देतं.